पोट दिसायची वाट पाहू नका

"पोट तर दिसत नाही, मग जागा कशाला हवी?" लोकलच्या लेडीज डब्यात हे ऐकून आलेल्या कितीतरी गर्भवती माझ्याकडे येतात.

पोट दिसू लागतं साधारण चौथ्या-पाचव्या महिन्यात. अनेकींना उभं राहणं जड जातं ते मात्र पहिल्या तीन महिन्यांत. संप्रेरकांमुळे रक्तवाहिन्या सैलावतात, रक्तदाब उतरतो. बराच वेळ उभं राहिलं की रक्त पायांत साठतं, मेंदूकडे कमी पोहोचतं. त्यात उलट्यांमुळे पोटात अन्नपाणी ठरत नाही आणि डब्यात उकाडा. मग डोळ्यांपुढे अंधारी येते. ती दादर येईपर्यंत थांबत नाही!

"आम्ही नाही का उभ्याने प्रवास केला?" केलात, काकू. तुम्हाला झेपलं म्हणून तिलाही झेपेल, असं शरीराचं गणित नसतं. आणि एखादी खोटं बोलून बसलीच, तर तुमचं काय गेलं? चार स्टेशनं.

जपानमध्ये गर्भवतींनी बॅगेला लावायचा बिल्ला २००६ पासून आहे. आपल्याकडे तोंडानेच मागावं लागतं. तर मागा, लाजू नका. अंधारी येऊ लागली तर जागेची वाट न पाहता तिथेच खाली बसा.