जबलपूरचा धडा

आणीबाणीतील स्थानबद्धांना सुटकेसाठी न्यायालयात दाद मागता येणार नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २८ एप्रिल १९७६ रोजी जबलपूर खटल्यात चार विरुद्ध एक मताने दिला. बहुमतात न्या. यशवंत चंद्रचूड होते. खासगीपणाचा हक्क मूलभूत ठरविणाऱ्या २०१७ च्या निकालात त्यांचेच पुत्र न्या. धनंजय चंद्रचूड यांनी तो निर्वाळा सदोष ठरवून मोडीत काढला.

मात्र २०२३ च्या वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याचे कलम १७ सुरक्षा, सुव्यवस्था आदी कारणांसाठी सरकारी यंत्रणांना त्या कायद्यातूनच वगळण्याची मुभा केंद्राला देते. विद्यापीठांतील खासगीपणावरील व्याख्यानमालांनी कंपन्यांइतकीच या सवलतीचीही चिकित्सा करावयास हवी. सत्तेच्या सदिच्छेवर विसंबलेला हक्क संकटकाळी टिकत नाही, हाच जबलपूरचा धडा आहे.