धूर नव्हे, वाफ!

मोरा बंदराहून लाँचींत बसून भाऊच्या धक्क्यास जाणें हा आमचा फार जुना परिपाठ आहे. १२ जानेवारी २०२४ रोजीं उरणपर्यंतच्या आगगाडीचें उद्घाटन झालें, शिवडी-न्हावाशेवा सागरी सेतूचेंहि त्याच दिवशीं झालें, आणि तेव्हांपासून घरांतील तरुण मंडळी आम्हांस वेड्यांत काढूं लागली आहेत. परंतु तासाभराच्या त्या प्रवासांत ओळखीचीं चार माणसें भेटतात, उजव्या अंगास घारापुरीचा डोंगर दिसतो आणि वर्तमानपत्र सावकाश वाचून होतें. एवढ्या लाभासाठीं आम्ही अजून भरती-ओहोटीच्या वेळा सांभाळतों.

दिवाळी नुकतीच आटोपली होती. आमच्या समोरच्या बांकावर अठरा-वीस वर्षांचा एक नीटनेटका मुलगा बसला होता. त्यानें खिशांतून फाउंटनपेनाएवढी एक चपटी वस्तु काढून ओठांस लावली आणि क्षणार्धांत पांढऱ्या शुभ्र ढगाचा लोट सोडला. आम्हीं नाक मुरडण्याची तयारी केली, तों काय, पिकल्या आंब्याचा घमघमाट सुटला! ऐन कार्तिकांत आंबा! शेजारच्या गृहस्थांनीं वर्तमानपत्र थोडें वर धरलें. एका बाईनें मांडीवरच्या मुलाचें तोंड पदरानें झांकलें, पण ती कांहीं बोलली नाहीं. शाळेचीं दप्तरें घेतलेले दोन मुलगे मात्र त्या ढगाकडे कौतुकानें पाहत राहिले. टोपली पायांशीं घेऊन बसलेली एक कोळीण हंसून म्हणाली, “काय रं पोरा, आंबा पिकला का तुझ्या खिशान?” मुलगा मुळींच ओशाळला नाहीं. “मावशी, हा धूर नाहीं, नुसती वाफ आहे,” असें त्यानें गोड आवाजांत सांगितलें. सगळे हंसले, आम्हीहि हंसलों, आणि विषय तेथेंच संपला.

तो संपला कसा, याचा विचार आमच्या मनांत मागाहून आला. लाँच सुटतांना त्याच कोळणीस एका सुशिक्षित प्रवाशानें टोपली दूर नेण्यास फर्माविलें होतें. मासळीच्या वासाचा त्यांस त्रास होत होता. मासळीच्या वासानें कोणाच्या फुप्फुसास इजा झाल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. तरीहि तिला बोलण्यास त्यांस संकोच वाटला नाहीं, आणि नाकासमोर वाफेचे लोट सोडणाऱ्या त्या मुलास “बाबा रे, हें बंद कर” असें म्हणण्यास मात्र पन्नास माणसांत एकाहि तोंडास वाचा फुटली नाहीं. टोपलीवाली गरीब होती, मुलाचा सदरा इस्तरीचा होता. आणि खरें सांगायचें तर आमचें नाकहि आधीं समोरच्याचे कपडे पाहतें आणि मग वास घेतें.

ही वस्तु म्हणजे आहे तरी काय? नळींत एक बॅटरी, तिच्यावर तापणारी बारीक तारेची गुंडाळी आणि एका कुपींत थोडासा द्रव, एवढीच तिची रचना. ओढणाऱ्यानें श्वास घेतला कीं गुंडाळी तापते आणि द्रवाचे अतिसूक्ष्म थेंब हवेंत उडतात. चहाच्या किटलीची वाफ ही पाण्याची. येथें पाण्याऐवजीं ग्लिसरीन, प्रॉपिलीन ग्लायकॉल, सुगंधी अर्क आणि बहुधा तंबाखूचें सत्त्व जें निकोटीन, तें असतें. आज मिळणारी ई-सिगारेट २००३ सालीं होन लिक नांवाच्या एका चिनी औषधशास्त्रज्ञानें सिद्ध केली. तींत कांहीं जळत नाहीं, म्हणून सिगारेटींतलें डांबर तींत नसतें. शेजारच्यास होणारा उपसर्गहि सिगारेटीच्या धुरापेक्षां कमी असतो. हें न्यायानें सांगितलें पाहिजे. पण कमी म्हणजे नाहीं असें नव्हे. निकोटीन आणि ते सूक्ष्म कण खोलींतील इतरांच्या श्वासांतहि जातात. आणि मेंदूची घडण सुमारें पंचविशीपर्यंत चालू असल्यामुळें निकोटीनची पकड कोवळ्या वयांत अधिक घट्ट बसते.

व्यसनानें नवें वस्त्र नेसून घरांत शिरावें आणि घरानें त्यास पाहुणा समजून पाट मांडावा, हा प्रकार आपल्याकडे आजचा नाहीं. इ. स. १६०४ च्या सुमारास असद बेग नांवाच्या सरदारानें विजापुराहून तंबाखू आणि रत्नजडित चिलीम नेऊन अकबर बादशहापुढें ठेविली. हकीमानें नको म्हटलें. तरी आणणाऱ्याचा मान राखण्यासाठीं बादशहानें दोन-चार झुरके घेतलेच. पुढें १६१७ सालीं जहांगिरानें तंबाखूस बंदी केली. त्या बंदीचें काय झालें, हें गांवोगांवच्या टपऱ्या सांगतात. आपल्या प्रांतांत तर तंबाखूनें धुराचा आश्रय फारसा घेतलाच नाहीं. २०१६-१७ च्या सरकारी पाहणींत महाराष्ट्रांतील प्रौढांपैकीं धूम्रपान करणारे शेंकडा सुमारें चार, तर तंबाखू खाणारे, चघळणारे किंवा दातांस लावणारे शेंकडा सुमारें चोवीस आढळले. मशेरी भाजल्याचा वास कोंकणांतल्या किती घरांतून सकाळीं येत असे! आणि आम्हां पांढरपेशांच्या माजघरांत तपकिरीची डबी देव्हाऱ्याजवळच्या कोनाड्यांत मानानें बसलेली असे. तिला कोणी व्यसन म्हणत नसे. “डोकें उतरतें” एवढेंच म्हणत.

कायद्यापुरतें पाहिलें तर आपल्या देशांत ही वस्तु १८ सप्टेंबर २०१९ च्या वटहुकुमानें, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरांत झालेल्या कायद्यानें निषिद्ध आहे. तिचें उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री आणि जाहिरात करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यास एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. साठा करणाऱ्यास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पन्नास हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. ओढणाऱ्यास शिक्षा सांगणारें स्वतंत्र कलम मात्र त्या कायद्यांत नाहीं. अर्थात् विकणारा पडद्याआड आणि ओढणारा उघड्यावर, असा हा व्यवहार आहे. आम्हां उरणकरांस या प्रकाराचें नवल वाटूं नये. एकोणिसाव्या शतकांत येथें मोहाच्या दारूच्या भट्ट्या होत्या आणि मुंबईची तहान त्यांवर भागत असे. १९८९ पासून न्हावा-शेवाचें मोठें बंदर आमच्या उशाशीं आहे, आणि दुसऱ्या मालाच्या नांवाखालीं दडवून आणलेल्या परदेशी सिगारेटी तेथें पकडल्याच्या बातम्या आम्ही अनेकदां वाचल्या आहेत. चोरून येणाऱ्या कुपींत काय भरलें आहे, तें कोणी तपासावें? अमेरिकेंत २०१९ सालीं अशा नळ्या ओढणाऱ्यांत फुप्फुसांच्या विकाराची सांथ आली. फेब्रुवारी २०२० पर्यंत २,८०७ रुग्णांची नोंद झाली आणि त्यांतील ६८ दगावले. बहुतेक प्रकरणीं गांजाच्या अर्काच्या कुप्यांत मिसळलेलें तेलकट द्रव्य हें कारण निघालें. त्यांतील बराच माल बेकायदेशीर वाटेनेंच आलेला होता.

इथवर लिहून आम्ही थांबलों असतों तर हा मजकूर शहाणपणाचा झाला असता, खरा झाला नसता.

लाँचींतली ती गंमत आम्हीं त्याच रात्रीं पंगतींत सांगितली. सारीं हंसलीं. आमचा पुतण्या तेवढा खालीं मान घालून जेवत होता; तो ताक न घेतांच उठला. कोणाच्या लक्षांत आलें नाहीं. पुढें आठ दिवसांनीं वहिनी धुण्यासाठीं त्याची विजार चाचपीत असतां तसलीच एक चपटी नळी त्यांच्या हातीं लागली. संगणकाचें कांहीं असेल म्हणून त्यांनीं ती जपून फडताळावर ठेविली, आणि संध्याकाळीं ती आमच्या दृष्टीस पडली. मुलगा सतरा वर्षांचा, कनिष्ठ महाविद्यालयांत जाणारा. घरांत जो गदारोळ झाला, त्याचें वर्णन करीत नाहीं. ज्या घरांत चार वडीलधारीं माणसें आहेत, त्या घरांतील वाचकांस तें न सांगतां कळेल. दादांचा हात उगारला गेला, वहिनी रडल्या, आणि प्रत्येकानें दुसऱ्याच्या लाडांस दोष दिला.

सर्व शांत झाल्यावर आम्ही त्याला घेऊन गच्चीवर बसलों. तो म्हणाला, “काका, इंग्लंडांत डॉक्टरच लोकांना ही घ्यायला सांगतात.” हें खोटें नव्हे. तेथील सरकारनें २०२३ सालीं दहा लक्ष सिगारेटवाल्यांस सिगारेटीच्या बदल्यांत ई-सिगारेट देण्याची योजना जाहीर केली. आम्हीं म्हटलें, “खरें आहे, पण ती कुबडी पाय मोडलेल्यासाठीं आहे. तूं तर जन्मांत विडीसुद्धां ओढली नाहींस. आणि त्याच सरकारनें १ जून २०२५ पासून एकदां वापरून टाकण्याच्या नळ्यांची विक्री बंद केली, तेंहि वाच. लहान मुलें त्यांच्या नादीं लागलीं, हें त्याचें एक कारण आहे.” तो थोडा वेळ गप्प राहिला. मग त्यानें विचारलें, “लाँचमध्यें त्या मुलाला तुम्हीं काय म्हटलंत?”

आमच्याजवळ उत्तर नव्हतें.

“मीहि गाडींत सगळ्यांसमोरच ओढतों,” तो म्हणाला. “कोणी कांहींच बोलत नाहीं. मला वाटलें, अत्तर लावण्यासारखें असेल.” हें ऐकून आम्हांस त्या दोन दप्तरवाल्या मुलांची आठवण झाली. त्यांनीं त्या दिवशीं ढग पाहिला आणि मग आमचें हंसणेंहि पाहिलें.

त्याला जें वळण लागलें, तें आमच्या व्याख्यानानें नव्हे. आमच्या आत्याबाई अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आहेत. पन्नास वर्षें त्या तपकिरीनें दांत घासतात. त्या रात्रीं त्यांनीं त्याला जवळ बसविलें, आपली डबी त्याच्या हातांत दिली आणि म्हणाल्या, “ही तीनदां विहिरींत टाकली रे. तिन्ही वेळां दुसऱ्या दिवशीं नवी आणविली. मला सुटली नाहीं, म्हणून तुला सांगते.” घरांतल्या कोणीहि हें पूर्वीं ऐकलें नव्हतें. आम्हीं मुलास डॉक्टरांकडे नेलें. पहिले पंधरा दिवस तो चिडचिडा असे, त्याची झोंप उडाली, अभ्यासांत लक्ष लागेना. एकदां मोह अनावर झाला आणि त्यानें तो आपण होऊन सांगितला. सध्यां ठीक आहे. पुढचें पुढें.

लोकांत बोलावें कसें, हा प्रश्न उरतो. ओरडणें, छायाचित्र काढून चारचौघांत फजिती करणें हा मार्ग आम्हांस पसंत नाहीं. तेणेंकरून मूल हट्टास पेटतें, आणि फजिती करणाऱ्यास शौर्य केल्याचा फुकटचा आनंद मात्र होतो. आपल्या मुलास बोलावें त्या स्वरांत, एकदांच आणि स्पष्ट बोलावें, एवढेंच आम्हांस सुचतें. परवां लाँचींत पुन्हां तसा प्रसंग आला. मुलगा दुसरा, वास अननसाचा. आम्ही उठून त्याच्या शेजारीं बसलों आणि म्हटलें, “बाळ, याचा आम्हांस त्रास होतो, आणि समोर लहान मूल आहे. ठेवतोस का खिशांत?” छाती धडधडत होती, हें कबूल करतों. त्यानें आमच्याकडे पाहिलें, नळी खिशांत घातली आणि “सॉरी, काका” म्हणाला. घारापुरी मागें पडल्यावर तो उठून लाँचीच्या मागच्या टोंकास गेला. तेथें त्यानें ती पुन्हां काढली असेल, नसेल. आम्हीं वळून पाहिलें नाहीं. समोरच्या बाईनें मात्र मुलाच्या तोंडावरचा पदर काढला.