हवेशी गाठ पडू द्या

विमानाचा शोध कोणी लावला, या प्रश्नापुढे ‘राईट बंधू’ एवढे लिहिले की विद्यार्थ्याला गुण मिळतो. १७ डिसेंबर १९०३ हा दिनांक जोडला तर शिक्षक आणखी प्रसन्न होतात. परंतु बारा सेकंद आणि १२० फूट एवढ्याच त्या पहिल्या उड्डाणामागे किती अपयश होते, हे त्याला कळते काय? १९०१ साली या बंधूंच्या ग्लायडरला अपेक्षित उचल मिळेना. तेव्हा पूर्वसूरींच्या आकड्यांवर न विसंबता त्यांनी पेटीसारखा वातबोगदा बांधला, सुमारे दोनशे लहान पंख त्यात तपासले आणि १९०२ मध्ये नव्या ग्लायडरवरून शेकडो झेपा घेतल्या. इंजिन आले ते त्यानंतर.

हा इतिहास हाताने करूनच उमगतो. त्याला लागते तरी काय? पुठ्ठा, एक काडी, चिकटपट्टी आणि चिमूटभर ओली माती! इंग्लंडच्या जॉर्ज केली यांचे १८०४ मधील नमुना-ग्लायडर याहून फार निराळे नव्हते. दांड्यावर पतंगासारखा पंख, मागे वळविता येणारी शेपटी, पुढे सरकविता येणारे वजन. मुलाचे ग्लायडर नाक वर करून थबकले आणि कोसळले, तर नाकाला थोडी माती लावावी; थेट जमिनीत घुसले, तर ती काढावी. एका वेळी एकच बदल, आणि प्रत्येक फेकीची वहीत नोंद. शिक्षकांनी मात्र उत्तर आधी सांगू नये. बाजारातील तयार संच आणून एकसारखी विमाने पालकांसमोर मांडण्याची हौस अनेक शाळांना असते; तिच्यात हे सारेच हरवते.

नोंदीचे मोल मोठे आहे. जर्मनीचे ओटो लिलिएंटाल १८९६ मध्ये ग्लायडरसह कोसळून मृत्यू पावले, पण त्यांचे आकडे मागे राहिले आणि राईट बंधूंना ते पारखून घेता आले. शिवकर बापूजी तळपदे यांनी १८९५ मध्ये मुंबईच्या चौपाटीवर विमान उडविल्याची कथा महाराष्ट्रात अभिमानाने सांगितली जाते. तिला आधार देणारा विश्वासार्ह समकालीन पुरावा मात्र आढळलेला नाही. अभिमानाच्या पोटी मुलांना ती सिद्ध इतिहास म्हणून शिकविणे हा त्यांच्यावरच अन्याय होय.

तेव्हा गुण द्यावेत ते सर्वांत दूर गेलेल्या विमानाला नव्हे, तर न उडालेल्या विमानाचे कारण शोधणाऱ्या वहीला. विज्ञान दिनाच्या, २८ फेब्रुवारीच्या, भाषणांतून एक तास काढून तो मैदानाला देणे कोणत्याही मुख्याध्यापकांना अवघड नसावे.