‘बुलेटप्रूफ’ म्हणजे सुरुंगरोधक नव्हे

भंडारा (प्रतिनिधी) : गडचिरोली जिल्ह्यातील जांभूळखेड्याजवळ १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, नक्षलवाद्यांनी भूसुरुंगाचा स्फोट घडविला. त्यात शीघ्र कृती दलाचे १५ जवान आणि खासगी वाहनाचा चालक मृत्युमुखी पडले. हुतात्म्यांत भंडारा जिल्ह्याचे सुपुत्रही होते. वाहन बुलेटप्रूफ असते तर हे प्राण वाचले असते काय, असा प्रश्न साहजिकच पडतो. त्याचे कटू उत्तर तीनच आठवड्यांपूर्वी शेजारच्या छत्तीसगडमध्ये मिळाले होते. ९ एप्रिल २०१९ रोजी दंतेवाड्याचे आमदार भीमा मंडावी यांचे बुलेटप्रूफ वाहनच सुरुंगाने उडविण्यात आले. मंडावी यांच्यासह पाच जण ठार झाले.

गोळी आणि स्फोट ही दोन निराळी संकटे आहेत. गोळीची सारी शक्ती नाण्याएवढ्या जागेवर एकवटते. म्हणून चिलखती मोटारीच्या दारांत व खांबांत कठीण पोलादाचे पत्रे किंवा ॲरामिड धाग्यांचे थर बसवितात. काचही अनेक थरांची असते. बाहेरचे थर गोळी बोथट करतात, तर आतला पॉलिकार्बोनेटचा थर तुकडे अडवून धरतो. युरोपीय मानकांत अशा काचेच्या बीआर-१ ते बीआर-७ अशा श्रेणी आहेत. पिस्तुलाची गोळी अडविणारी काच रायफलीपुढे टिकेलच असे नाही. चाक फुटले तरी आतील कड्याच्या आधारे मोटार काही अंतर पळू शकते. वाढलेल्या वजनासाठी ब्रेक आणि स्प्रिंगा मात्र बळकट कराव्या लागतात.

भूसुरुंगाचा घाव खालून बसतो. मोटारीचा सपाट तळ हा दाब थेट झेलतो आणि आत दुमडतो; पाय व पाठीचा कणा मोडतो. सुरुंगरोधक वाहनाचा तळ म्हणूनच इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा असतो. तो दाब दोन्ही बाजूंना वळवितो. वाहन जमिनीपासून उंच असते. आसनेही तळाला न जोडता छताला किंवा भिंतीला टांगलेली असतात.

तथापि, त्यालाही मर्यादा आहे. छत्तीसगडमधील विजापूर भागात सप्टेंबर २००५ मध्ये असेच वाहन उडवून २४ जवानांचा बळी घेण्यात आला. स्फोटके पुरेशी असली, की पोलादही हरते. त्यामुळे पायी जाऊन रस्ता तपासणे आणि घाईत वाहनाने न निघणे, हेच पहिले चिलखत ठरते. पोलादाचा क्रमांक त्यानंतरचा.