यंत्र पाण्यापलीकडे नेण्याआधी

रायपूर, धमतरी आणि गरियाबंद जिल्ह्यांत महानदी, पैरी किंवा खारूनपलीकडे जमीन असणारे शेतकरी पुष्कळ आहेत. बेशरम, घाणेरी आणि बाभळीने व्यापलेली अशी जमीन लागवडीखाली आणण्यासाठी ट्रॅक्टर किंवा जेसीबी पलीकडे न्यावा लागतो. अपघात झाला की आपण चालकाच्या कौशल्यावर बोट ठेवतो. माझ्या मते दोष कौशल्यापेक्षा भाड्याच्या अटींत अधिक आहे. भाडे तासावर ठरते. यंत्र काठावर थांबले तर मोबदला शून्य. मग पाणी ओसरण्याची वाट कोण पाहणार?

पाण्याचे गणित मात्र कोणाची घाई जाणत नाही. प्रवाहाचा वेग दुप्पट झाला की त्याचा रेटा चौपट होतो. यंत्राने बाजूला सारलेले प्रत्येक घनमीटर पाणी त्याचे सुमारे १ टन वजन उचलून धरते. हवा भरलेली मोठी चाके बुडू लागताच ट्रॅक्टरची जमिनीवरील पकड सुटत जाते. त्यात वाळू उपसलेले खड्डे गढूळ पाण्याखाली दिसत नाहीत आणि कन्हार मातीचा ओला उतार यंत्र रुतवतो. गंगरेल धरणातून पाणी सोडल्यास निरभ्र आकाशाखालीही महानदी चढते.

म्हणून काही गोष्टी भाडेकरारातच लिहिल्या जाव्यात. सर्वसाधारण नियम म्हणून असे काम फेब्रुवारी ते मे या काळातच घ्यावे. आदल्या दिवशी धरणाच्या विसर्गाची चौकशी करावी. चालकाने संथ पाण्यात दोर बांधून, काठीने तळ चाचपून वाट आखावी आणि खुणेच्या काठ्या रोवाव्यात. पाणी वाहत्या रपट्यावर यंत्र घालू नये. ट्रॉलीत माणसे बसवू नयेत. रुतलेले यंत्र ओढताना ताणलेल्या तारदोरापासून सर्वांनी दूर राहावे. दोन डोंगे जोडून त्यांवर यंत्र चढवण्याचा प्रकार तर पूर्णपणे वर्ज्य मानावा. भार एका बाजूस सरकला की डोंगे उलटण्यास वेळ लागत नाही.

सर्वांत महत्त्वाची अट अशी की, धोक्यामुळे थांबावे लागल्यास निम्मे भाडे मिळावे आणि ‘आज नाही’ म्हणण्याचा अधिकार चालकाचा असावा. हा बोजा शेतकऱ्यावर पडेल, हा आक्षेप रास्त आहे. परंतु पलीकडच्या पाच-सहा शेतकऱ्यांनी मिळून एकदाच यंत्र नेले, तर तो बोजा वाटला जातो आणि नदी ओलांडण्याचे प्रसंगही घटतात. जमीन थोडी आणि झुडपे कोवळी असतील, तर ब्रश कटर पुरेसा आहे. तो एक माणूस खांद्यावर नेऊ शकतो.

कृषी यांत्रिकीकरण उपअभियान २०१४-१५ पासून राबवले जात आहे आणि भाडेतत्त्वावरील अवजार केंद्रांना त्यातून बळ मिळाले आहे. या केंद्रांच्या दरपत्रकात आता प्रतीक्षेचा दरही असावा. विस्तार कार्यकर्त्यांनी येत्या हंगामापूर्वी आपल्या केंद्राशी ही चर्चा सुरू करावी. साफसफाई एक वर्ष लांबली तर एक पीक बुडेल. चालक बुडाला तर एक घर.