विश्लेषण : नाग की धामण? कोपरमध्ये पावसाळ्यात साप घरात का शिरतात?

जोरदार पाऊस झाला की कोपर परिसरातील सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अंधुक फोटो येतो आणि खाली एकच प्रश्न : नाग आहे का? अनेकदा ती धामण असते. उत्तर येईपर्यंत मात्र काठी पडलेली असते.

साप बाहेर का येतात?

दिवा आणि डोंबिवलीच्या मधल्या या भागाजवळ उल्हास खाडी आणि खारफुटी आहे. बिळांत पाणी शिरले की साप कोरडी जागा शोधतात. त्यात कचऱ्यावरचे उंदीर, डबक्यातले बेडूक म्हणजे वाढलेले ताटच! साप येतो तो उंदरामागे. धामण बिनविषारी असते, दिवसा फिरते. पण लांबी दोन मीटरच्या पुढे जाते, म्हणून नाग समजून तीच आधी मारली जाते.

खरा धोका कोणाचा?

नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे. मण्यार रात्री फिरते. जमिनीवर झोपलेल्याला ती चावली तरी वेदना इतकी कमी की अनेकदा कळतच नाही. घोणस कुकरच्या शिट्टीसारखी फुत्कारते.

साप दिसल्यास लांबूनच नजर ठेवा, वन विभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर कळवा. वन्यजीव संरक्षण कायदा, १९७२ नुसार साप मारणे गुन्हा आहे. चावल्यास चिरा देऊ नका, दोरी आवळू नका. चावलेला भाग न हलवता थेट रुग्णालय गाठा. आणि हो, सांडपाण्याच्या पाइपला जाळी आहे का, तेवढे आजच बघा.