रिकाम्या हाताने या

गेल्या महिन्यात आमची नात सहा वर्षांची झाली. त्याआधी आठवडाभर सूनबाई मोबाइलवर बसून येणाऱ्या मुलांना द्यायच्या भेटी बघत होती. पंचवीस मुलं, पंचवीस सारखे डबे, प्रत्येक डब्यावर मुलाचं नाव छापून मिळणार. "आई, यातले कोणते मागवू?" तिनं विचारलं. मी काही न बोलता माळ्यावरची पत्र्याची पेटी काढायला लावली. पेटीच्या तळाशी एक लांबट वही आहे. तिच्या पुठ्ठ्यावर माझ्याच अक्षरात लिहिलंय, 'देणं-घेणं'. त्या वहीची गोष्ट मी सूनबाईला सांगितली, तीच आज तुम्हाला सांगते.

१९९२ च्या जून महिन्यात ह्यांची बदली अंबरनाथहून आवडीला झाली. तेव्हा चेन्नईचं नाव मद्रासच होतं, ते १९९६ साली बदललं. मद्रास सेंट्रलहून अरक्कोणमकडे जाणाऱ्या लोकलनं पाऊणेक तासावर आवडी येतं. इतिहासाच्या पुस्तकात हे नाव १९५५ च्या काँग्रेस अधिवेशनामुळे आलं. समाजवादी धर्तीच्या समाजरचनेचा ठराव झाला तो इथंच. पुढे साठच्या दशकात रणगाड्यांचा कारखाना आला आणि देशभरातली माणसं कॉलनीत राहायला आली. माझ्या नणंदेनं पत्रात विचारलं होतं, 'वहिनी, आवडी आवडली का?' खरं उत्तर 'नाही' असंच होतं. भाषा येत नव्हती, घामानं जीव जायचा आणि मुलगा साडेचार वर्षांचा, मुलगी दीड वर्षाची.

वाढदिवसांनी मात्र शेजार जोडून दिला. मुलाच्या पाचव्या वाढदिवसाला मी पाट मांडला, भोवती रांगोळी घातली आणि तबकात निरांजन, सुपारी, अंगठी, अक्षता ठेवून त्याचं औक्षण केलं. शेजारच्या तमिळ मामी दारातून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "नक्षत्र कोणतं?" मला तारीख माहीत होती, तिथी माहीत होती, नक्षत्र शोधायला पंचांग काढावं लागलं. त्यांच्याकडे जन्माच्या तमिळ महिन्यात जन्मनक्षत्र ज्या दिवशी येतं, त्या दिवशी वाढदिवस धरतात. देवळात मुलाचं नाव आणि नक्षत्र सांगून अर्चना करतात, घरी पायसम आणि वडे होतात. वरच्या मजल्यावरच्या बंगाली बाई त्या दिवशी तांदळाची खीर, म्हणजे त्यांचं पायेश, घेऊन आल्या. अशा रीतीनं आमच्या मुलाला वर्षाला तीन वाढदिवस मिळाले. तारखेचा, तिथीचा आणि नक्षत्राचा! खर्च म्हणाल तर गोडाचं तेवढं तीनदा.

त्याच्याच महिनाभर आधी, १९९३ च्या संक्रांतीला, मुलीचं बोरनहाण केलं होतं. काळं झबलं मी घरीच शिवलं. हलव्याचे दागिने करायला बसले, तर समुद्रकाठच्या दमट हवेत हलव्याला काटा येईना. तीन दिवस पाक थेंब थेंब घालून हात दुखले आणि हाती आले नुसते गुळगुळीत पांढरे दाणे. शेवटी चुरमुरे दोऱ्यात ओवून हार, बाजूबंद आणि मुकुट केले. पोंगलमुळे ऊस दारोदारी होताच, बोरंही बाजारात मिळाली. मुलीच्या डोक्यावरून बोरं, चुरमुरे, उसाचे करवे, गोळ्या ओतल्या आणि कॉलनीतली पोरं त्यावर तुटून पडली. कुणी पंजाबी, कुणी मल्याळी, कुणी तेलुगू. बोरनहाण कशाशी खातात हे कुणालाच माहीत नव्हतं, पण लुटायचं कसं हे कुणाला शिकवावं लागलं नाही. त्या दिवशी एकाही मुलाच्या हातात भेटीचं पुडकं नव्हतं आणि ते माझ्या लक्षातही आलं नव्हतं.

पुढच्या दोन वर्षांत कॉलनीतल्या वाढदिवसांना वेगळंच वळण लागलं. कुणी शहरातून दोन मजली केक आणला, तर पुढच्यानं थर्मोकोलचा किल्ला केला. कुणी मोठा फुगा टांगून त्यातून चॉकलेटं पाडली. भेटीही त्या मानानं वाढल्या. तेव्हा मी ही वही घातली. 'कंपासपेटी, ३० रुपये.' 'पाण्याची बाटली, ४५ रुपये.' कुणी काय दिलं ते लिहून ठेवायचं, म्हणजे त्यांच्या मुलाला तेवढ्याच किमतीचं देता येतं. पगारावर चालणाऱ्या घरात यात वाईट काय, असं मला वाटायचं. आजही ज्यांना वाटतं त्यांना मी नावं ठेवणार नाही.

फेब्रुवारी १९९५. मुलाचा सातवा वाढदिवस. आमच्या ओळीच्या टोकाला चिंचेखाली एक इस्त्रीची गाडी उभी असायची. ती गाडी चालवणाऱ्या अक्कांचा मुलगा आमच्या चिरंजीवांच्या क्रिकेटमधला मुख्य गोलंदाज. त्याला आमंत्रण होतंच. पाच वाजता मुलं यायला लागली. मी दारातच टेबल मांडून बसले होते. पुडकं घ्यायचं, टेबलावर ठेवायचं, वहीत नाव लिहायचं. तो मुलगा आला. डोक्याला तेल, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट. फाटकाशी उभा राहिला. त्याच्या पुढच्या मुलीचं नाव लिहून मी मान वर केली, तर फाटकात कुणी नव्हतं.

येईल पुन्हा, असं मला वाटलं. तो आला नाही. आमच्या मुलानं त्याच्या वाटणीची बशी झाकून ठेवली. सकाळी ती घेऊन मी चिंचेखाली गेले. अक्कांनी इस्त्री बाजूला ठेवली, बशी घेतली आणि हसून म्हणाल्या, "तुमच्याकडे नाव लिहून घेतात म्हणाला." माझं तमिळ कच्चं होतं, पण एवढं कळायला ते पुरेसं होतं. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

वर्षभर ती वही मी उघडली नाही. पुढच्या वाढदिवसाला अंबरनाथहून सासूबाई आल्या होत्या. मी म्हटलं, "यंदा सगळ्यांना सांगणार आहे, भेटी आणू नका, रिकाम्या हाताने या." त्यांना ते मुळीच पटलं नाही. "लहान मुलाकडे, देवाकडे आणि आजाऱ्याकडे रिकाम्या हाती जाऊ नये," त्या म्हणाल्या. आमचा दोन दिवस वाद चालला. मग त्यांनीच तोड काढली, "एकेक फूल आणू दे. फूल कुणाच्याही दारात मिळतं."

असं ठरलं. मुलं फुलं घेऊन आली. जास्वंद, कण्हेर, तगर आणि मामींच्या कुंडीतलं कनकांबरम. ते बघून सासूबाई हरखल्या, कारण ती आपली अबोलीच! आमचा गोलंदाजही आला. त्यानं फूल आणलं नव्हतं, ताडाची हिरवी पात आणली होती. सासूबाई मुलांना फुलं ओवायला शिकवत होत्या. हा कोपऱ्यात बसला आणि पात चिरून, उलटीसुलटी दुमडून विणायला लागला. मध्ये चार खडे घातले, तोंड बंद केलं आणि मुठीएवढा खुळखुळा तयार! तमिळमध्ये त्याला किलुकिलुप्पै म्हणतात. पाच मिनिटांत सगळी मुलं फुलं टाकून त्याच्याभोवती. पुढचा तासभर तो शिकवत होता आणि इंग्रजी शाळेतली मुलं "असं का? आता कुठून घालू?" विचारत होती.

जाताना मी तीच वही काढली. अर्ध्यापर्यंत पुडक्यांच्या किमती होत्या. पुढच्या कोऱ्या पानांवर प्रत्येक मुलाचा पंजा ठेवून पेन्सिलीनं कड काढून घेतली आणि आत त्याचं नाव लिहिलं. इस्त्रीवाल्या अक्कांच्या मुलानं आपल्या बोटावरचा चटक्याचा डागही आठवणीनं काढला. यंदा मी नाव लिहिलं, तेव्हा तो पळून गेला नाही.

यातून मी लगेच शहाणी झाले, असं समजू नका. पुढच्या वर्षी मी कळवलं, 'भेट हाताने केलेलीच आणावी.' झालं! मुलांच्या आया रात्री जागून भरतकाम करत बसल्या. आगपेटीच्या काड्यांचा बंगला आला, उशीचा अभ्रा आला. आठ-नऊ वर्षांच्या मुलाला अभ्र्याचं काय कौतुक? स्पर्धा तीच राहिली, फक्त दुकानातून शिवणाच्या मशीनवर आली. तेव्हापासून आमच्या घरचा नियम ठरला: येताना एक फूल आणि करायचं ते सगळ्यांनी मिळून इथंच करायचं. केलेलं ज्याचं त्यानं घरी न्यायचं. बोरनहाणात तरी दुसरं काय असतं? पाहुण्या पोरानं रिकाम्या हाताने यायचं आणि ओंजळ भरून जायचं.

तुम्हाला करून बघायचं असेल, तर अनुभवाच्या चार गोष्टी सांगते. मुलं दहा-बाराच बोलवा. चार ते साडेसहा हा वेळ पुरतो. काम तीनच प्रकारचं ठेवा, पण साहित्य मुबलक हवं. जुन्या वर्तमानपत्रांच्या टोप्या, एकेकट्या उरलेल्या पायमोज्यांच्या बाहुल्या (डोळ्यांना शर्टाची बटणं), जुन्या लुगड्याच्या काठाच्या लहान पिशव्या. नारळाची झावळी मिळत असेल तर घड्याळ आणि पिपाणी हवीच. सुई आणि कात्री मोठ्या माणसाच्या हाताशी ठेवा. तासाभरानं मुलं कंटाळतात. मग लिंबू-चमचा आणि संगीत खुर्ची खेळायला घ्या. बक्षीस पहिल्या नंबराला देऊ नका. ज्याचा वाढदिवस असेल, त्यानं सगळ्यांना स्वतःच्या हातानं खाऊ वाढावा.

खाऊत आमच्याकडे दोन पदार्थ ठरलेले, हरभऱ्यांचं सुंदल आणि कुकरमधला रव्याचा केक. दोन वाट्या बारीक रवा, एक वाटी पिठीसाखर, एक वाटी दही, अर्धी वाटी पातळ तूप आणि अर्धी वाटी दूध एकत्र करून अर्धा तास झाकून ठेवा. मिश्रण घट्ट झालं तर आणखी थोडं दूध घाला. मग एक चहाचा चमचा बेकिंग पावडर, अर्धा चमचा खाण्याचा सोडा आणि वेलदोड्याची पूड घालून तूप लावलेल्या डब्यात ओता. ॲल्युमिनियमच्या जाड कुकरच्या तळाशी मिठाचा बोटभर थर पसरून पाच मिनिटं तापवा. वर ताटली ठेवून तिच्यावर डबा ठेवा. पाणी घालायचं नाही, झाकणाचं रबर आणि शिटी काढून ठेवायची. मंद आचेवर चाळीस-पंचेचाळीस मिनिटं लागतात. सुरी घालून कोरडी निघाली की झाला.

मोठ्या माणसांच्या वाढदिवसालाही हा नियम चालतो. सासूबाईंच्या पंच्याहत्तरीला आम्ही काही विकत घेतलं नाही. त्या सांगत गेल्या आणि मुलांनी त्यांच्या लोणच्यांची, भाज्यांची कृती एका वहीत उतरून काढली. 'चिमूटभर म्हणजे किती?' यावर आजी-नातवंडांची भांडणं झाली, तीही मुलानं समासात लिहून ठेवलीत. त्याआधीच त्यांनी आपल्या जुन्या नऊवारींची गोधडी शिवून मुलीला दिली होती. सासूबाई आता नाहीत. वही आणि गोधडी रोजच्या वापरात आहे.

सूनबाईनं सगळं ऐकून घेतलं, मग म्हणाली, "आई, पण मुलांच्या आयांना काय वाटेल? त्यांनी आपल्या मुलीला एवढं दिलंय." प्रश्न खोटा नव्हता. मी म्हटलं, "तू फक्त लिहून बघ." तिनं मोबाइलवरच निरोप लिहिला, 'भेट नको. मुलांनी एक फूल आणलं तर आनंद होईल.' पंचवीसपैकी अठरा मुलं आली. तीन आया तरीही पुडकी घेऊन आल्या. ती आम्ही हसून घेतली, कुठं लिहून ठेवली नाहीत. मुलांनी पिशव्या शिवल्या, टोप्या केल्या, घर कागदांनी भरून टाकलं. ताडाची पात मी मिळवली होती, पण खुळखुळा काही मला जमला नाही. तो आमच्या मुलानं विणला. त्याचा गोलंदाज मित्र आवडी सोडून गेला त्याला कितीतरी वर्षं झाली, पण दुमडी कुठं घालायची ते बोटांनी लक्षात ठेवलं होतं.

रात्री नातीनं वही मागून घेतली. शेवटची सात पानं कोरी होती. आता त्यांवर अठरा पंजे आहेत. पुढच्या वर्षासाठी नवी वही आणायची आहे. तिच्या पुठ्ठ्यावर काय लिहायचं, ते नातच ठरवणार आहे.